नाटक शिकायला जायचंय: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की दर वर्षी तेच प्रश्न येतात. कुणी गल्लीत गाठून विचारतं, कुणी आईला बरोबर घेऊन घरी येतं, कुणी रात्री अकराला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतं. मी खानापूर तालुक्यातली. बीए मराठी बेळगावात केलं, मग महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात दोन वर्षं नाट्यशास्त्राचं एमए केलं. आता बेळगावात कॉलेजच्या मुलांची नाटकं बसवते आणि शाळांत कार्यशाळा घेते. माझ्या वेळी हे सांगणारं जवळपास कुणी नव्हतं, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

नाटक करून करूनच येतं. मग विद्यापीठात काय शिकवणार?

करून येतं हे खरंच, आणि तिथेही बहुतेक वेळ करण्यातच जातो. पण गावच्या नाटकात आपण तीन गोष्टी शिकतो: वाक्य पाठ करायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि माईकजवळ यायचं. विभागात पहिले काही महिने माईकच नसतो. सकाळी साडेसहाला फरशीवर अनवाणी उभं राहायचं, श्वास कुठून निघतो ते शोधायचं आणि चालायचं. आम्हाला तीन आठवडे नुसतं चालायला लावलं होतं. हॉलच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, कधी डोक्यावर घागर असल्यासारखं, कधी पायाखाली चिखल असल्यासारखं. बरोबरची शहरातली मुलं गुडघे उंच उचलून चिखल तुडवत होती. मी पाय ओढत, कंबरेत वाकून, मागे मागे सरकत निघाले, कारण रोप लावणारा माणूस पुढे जात नाही, मागे सरकतो. आमच्याकडे पावसाळ्यात रोप लावणीला मी दर वर्षी उतरत होते. सरांनी सगळ्यांना थांबवलं आणि दहा मिनिटं मला तेच करायला लावलं. अंगात काय साठलेलं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळच्या या तासांनंतर पुस्तकं असतात. नाट्यशास्त्रातला आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असा चार प्रकारचा अभिनय, ग्रीक शोकांतिका, स्तानिस्लाव्स्की, ब्रेख्त, ग्रोटोव्स्की या युरोपियन रंगकर्मींचे विचार, मराठी रंगभूमीचा इतिहास. दुपारी नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा. संध्याकाळी तालीम, ती कधी दहाला संपते, कधी संपतच नाही. शिडीवर चढून लाईट फोकस करणं, प्रयोगानंतर सेट उतरवून टेम्पोत भरणं, हे सगळ्यांना करावं लागतं. फक्त भूमिका करायला येणाऱ्यांची पहिल्या सहामाहीत फार ओढाताण होते.

'समकालीन रंगभूमी' म्हणजे नेमकं काय? संगीत नाटकं त्यात येत नाहीत का?

ढोबळ मानाने साठच्या दशकानंतरची रंगभूमी. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर, बंगालीतले बादल सरकार, कन्नडमधले गिरीश कर्नाड आणि चंद्रशेखर कंबार, आणि त्यानंतर आजपर्यंत जे चाललंय ते. त्यात लेखकाची संहिता नसलेली, नटांनी तालमीत एकत्र रचलेली नाटकं येतात. थिएटर सोडून वाड्यात, गिरणीत, रस्त्यावर होणारे प्रयोग येतात. जर्मन अभ्यासक हान्स-थीस लेमान यांनी १९९९ मध्ये अशा रंगभूमीला 'नाट्योत्तर' म्हटलं. म्हणजे जिथे संहिता मालक नसते. प्रकाश, आवाज, शरीर, जागा या सगळ्यांचा हक्क तिच्याइतकाच असतो.

आता या सगळ्यात आपण कुठे, असं मुलं विचारतात. आपण अगदी मुळाशी आहोत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ संस्थानिकांनी पाहिल्यानंतर. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' उभं करण्याआधीची त्यांची उमेदवारी बेळगावातली. कंबार हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे, त्यांची डॉक्टरेटच उत्तर कर्नाटकच्या लोकरंगभूमीवर. कन्नड कंपनी नाटकाचे एणगी बाळप्पा सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे. ही नावं पाठ करून मिरवावीत म्हणून सांगत नाही. मराठी आणि कन्नड रंगभूमी इथे एकमेकींच्या अंगणात वाढल्या, आणि त्या देवघेवीवर मराठीत अजून फार कमी लिहिलं गेलंय. ज्याला दोन्ही भाषा वाचता येतात त्याच्यापुढे पीएचडीचे दहा विषय मोकळे पडलेत.

संगीत नाटकं अभ्यासाला असतात, पण पदं पाठ करण्यासाठी नव्हे. पद सुरू झालं की कथा थांबते, मग प्रेक्षक त्या वेळी नेमकं काय ऐकत असतो? पुन्हा पुन्हा वन्समोअर का मिळतो? असे प्रश्न विचारायला शिकवतात. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण कधी भिंत होतात, कधी पडदा होतात, कीर्तन आणि लावणी एकमेकांत मिसळतात. हे समजून घ्यायचं तर मागचं सगळं माहीत असावं लागतं.

मग 'परफॉर्मन्स' हा आणखी वेगळा विषय कशाला? 'प्रयोग' म्हटलं तर चालत नाही का?

मला विचाराल तर 'प्रयोग' हा फारच चांगला शब्द आहे आणि मी तोच वापरते. पण अभ्यासविषय म्हणून 'परफॉर्मन्स'ची व्याप्ती नाटकापेक्षा मोठी आहे. अमेरिकेत रिचर्ड शेकनर या दिग्दर्शकाने मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्या साथीने हा विचार पुढे नेला, आणि १९८० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग झाला. त्यांचं म्हणणं असं: लग्न, मिरवणूक, पूजा, कोर्टातली सुनावणी, क्रिकेटचा सामना, या सगळ्यांत माणसं आधी केलेलं वागणं पुन्हा करत असतात. ते पुन्हा करणं कसं घडतं, कुणासाठी घडतं, त्यात दर वेळी काय बदलतं, हा अभ्यासाचा गाभा.

बेळगावकरांना हे समजवायला मला एकच उदाहरण लागतं. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. ट्रॉलीवर प्लायवूडचा किल्ला, मागे घुरघुरणारा जनरेटर, गल्लीतली पोरं मावळे झालेली. चौक आला की ट्रॅक्टर थांबतो, रेकॉर्ड केलेले संवाद सुरू होतात, अफझलखान महाराजांना मिठी मारतो, वाघनखं निघतात, खान कोसळतो, टाळ्या, आणि ट्रॅक्टर पुढे. पुढच्या चौकात खान परत उठतो. पहाटेपर्यंत तोच मुलगा तितक्याच वेळा मरतो. एका वर्षी मी खान झालेल्या मुलाच्या मागे मागे रात्रभर चालले. संध्याकाळी तो पडायचा तेव्हा डोळे गच्च मिटायचा. मध्यरात्रीनंतर तो पडून डोळे अर्धवट उघडे ठेवायला लागला, कारण वर उभ्या असलेल्या महाराजांचा फेटा सुटत चालला होता आणि त्याला काळजी लागली होती. पहाटे शेवटच्या चौकात त्याने मरता मरता हात वर करून फेट्याचं टोक खोचलं. गर्दीत कुणाला काही खटकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजीने मात्र हात जोडले.

आवाज ध्वनिमुद्रित, शरीर जिवंत, रंगमंच चालता, प्रेक्षक दोन्ही बाजूंना उभे, आणि एका रात्रीत एकाच दृश्याचे इतके प्रयोग. जगातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या वर्गात हे मांडलं तर लोक पुढे सरकून ऐकतील. माझा एमएचा लघुप्रबंध यावरच होता.

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांवर प्रकल्प करू का? सगळे म्हणतात विषय भारी आहे.

विषय भारी आहे म्हणूनच सावकाश. चौंडकं हे तंतुवाद्य वाजवणारा, देवीचा मुखवटा असलेली 'जग' नावाची टोपली डोक्यावर घेणारा माणूस तुमच्यासाठी नाचत नसतो. त्यामागे देवदासी प्रथेचा, गरिबीचा आणि जातीचा इतिहास आहे. कर्नाटकात मुली देवाला सोडण्यावर १९८२ च्या कायद्याने बंदी आहे. कॅमेरा काढण्याआधी तीन-चार वेळा नुसतं जा, बसा, बोला. परवानगी मागा, आणि 'नको' म्हटलं तर निमूट परत या. लिहिलेलं त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. हे जमणार नसेल तर कन्नड लोकनाट्यांतलं, कौजलगी निंगम्मा यांनी गाजवलेलं श्रीकृष्ण पारिजात घ्या, बैलहोंगल भागातलं 'संग्या बाळ्या' घ्या, आपल्याकडचं सोंगी भजन घ्या. कामाला तोटा नाही.

कुठे कुठे शिकता येईल? जवळचं सांगा.

जवळचं म्हणजे कोल्हापूर. निपाणीच्या मुलाला तर ते तासाभराच्या अंतरावर. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. शनिवारी-रविवारी घरी येता येतं हा त्याचा मोठा फायदा, आणि भाषेची, जेवणाची, माणसांची सवय नव्याने करावी लागत नाही.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, त्याला गुरुकुल म्हणतात. नाट्य, नृत्य, संगीत एकाच आवारात. सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. पुण्याचा खरा लाभ वर्गाबाहेरचा: रोज संध्याकाळी कुठे ना कुठे प्रयोग, वाचन, तालीम. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. तिथे व्यावसायिक रंगभूमी हाकेच्या अंतरावर, पण मुंबईचा खर्च आणि लोकलचा प्रवास दोन्ही अंगावर घ्यावे लागतात. चोर्ला घाट उतरून गेलात की पणजीला कला अकादमीचं नाट्य महाविद्यालय आहे, गोवा विद्यापीठाशी संलग्न. पीयूसीनंतर लगेच नाटकाचीच पदवी घ्यायची असेल तर खानापूरच्या मुलांनी त्याचा विचार जरूर करावा. आपल्याकडून गोव्याकडे फारसं कुणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं.

कन्नड चांगलं असेल तर शिवमोग्गा जिल्ह्यात सागरजवळ हेग्गोडूला नीनासम आहे. के. व्ही. सुब्बण्णा यांनी एका खेड्यात उभं केलेलं हे केंद्र. त्यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० पासून तिथे नाट्यशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, कन्नडमधून. झाडीत, पावसात, सुपारीच्या बागांमध्ये वर्षभर नाटकाशिवाय दुसरं काही नाही. म्हैसूरच्या रंगायणातही प्रशिक्षण असतं.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हणजे एनएसडी हे सगळ्यांच्या तोंडी असतं. १९५९ मध्ये सुरू झालेला हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. आधी कुठलीही पदवी हवी, नाटकांत काम केल्याचा अनुभव हवा, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान हवं. पीयूसीनंतर थेट जाता येत नाही, हे लिहून ठेवा. दर वर्षी दोन-तीन मुलं याच गैरसमजात असतात. एनएसडीचं बेंगळुरूला केंद्र आहे, तिथला अभ्यासक्रम एक वर्षाचा.

अभिनयापेक्षा अभ्यासाकडे, लेखन-संशोधनाकडे ओढा असेल तर दिल्लीला जेएनयूच्या, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या, स्कूल ऑफ आर्ट्स अँड ॲस्थेटिक्समध्ये एमए करता येतं, तिथे रंगभूमी आणि परफॉर्मन्सबरोबर चित्रकला आणि सिनेमाही शिकवतात. हैदराबाद विद्यापीठात थिएटर आर्ट्सचा विभाग आहे, तिथे प्रत्यक्ष काम आणि अभ्यास दोन्ही. या दोन्ही ठिकाणी इंग्रजी वाचनाची तयारी हवी.

ऑडिशनला काय विचारतात?

बहुतेक ठिकाणी एक-दोन तयार उतारे, एखादं गाणं, उत्स्फूर्त काम आणि मुलाखत. पुढच्या फेरीत कुठे कुठे काही दिवसांची कार्यशाळाच असते, तिथे तुम्ही दुसऱ्यांबरोबर कसं काम करता ते बघतात. आपली मुलं एक ठरावीक चूक करतात. तीन पानांचं स्वगत, तेही ऐतिहासिक, तेही पहिल्या ओळीपासून टिपेच्या सुरात. परीक्षकांनी त्या दिवशी असे कितीतरी संभाजी ऐकलेले असतात. दीड-दोन मिनिटांचा तुकडा घ्या, ज्यात माणूस समोरच्याकडे काहीतरी मागतो आहे. मागणं आलं की आवाज आपोआप खाली येतो, खरा होतो.

मुलाखतीत 'शेवटचं नाटक कुठलं पाहिलं' हा प्रश्न हमखास येतो. 'यूट्यूबवर' हे उत्तर देऊ नका. लोकमान्य रंगमंदिरात किंवा कुमार गंधर्व रंगमंदिरात लागलेलं काहीही बघून या. तेही नाही तर गावच्या जत्रेतलं नाटक सांगा, पण नीट सांगा: पेटी कुठे ठेवली होती, बायका कुठे बसल्या होत्या, लाईट गेल्यावर नटाने काय केलं.

माझं बोलणं बेळगावी आहे. तिथे हसतील का?

पहिले काही दिवस हसतील. मला हसले होते. वाचिक अभिनयाच्या पहिल्याच तासाला मी उठून म्हणाले, "सर, मी आधी वाचतो," आणि अख्खा वर्ग फुटला. आपल्याकडे मुली, बायका, आज्या सगळ्या 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मला चुकीचं आहे असं तोवर कधी वाटलंच नव्हतं. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर माझं वाक्य लिहिलं, त्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, आधी मराठी शिकून या. मी त्या रात्री घरी फोन करून परत येतो म्हटलं. होय, येतो म्हटलं. आई म्हणाली, "ये की. पण तिकडं जाऊन काय शिकलीस ते सांगून मग ये."

मग मी वाचनालयात बसून शोधलं. कन्नडमध्ये 'मी'बरोबरच्या क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. 'नानु बरुत्तेने' मुलगाही म्हणतो, मुलगीही म्हणते. शेजारणीची सवय आपल्या मराठीला लागली असेल, तर ती काही शतकांची सोबत आहे, व्याकरणाची चूक नव्हे. पुढच्या आठवड्यात मी हे वर्गात मांडलं. हसणं थांबलं. फळ्यावरची लाल रेघ मात्र त्यांनी पुसली नाही, ते मला अजून आठवतं.

म्हणून माझं सांगणं असं आहे: प्रमाण मराठी शिका, कष्टाने शिका. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', ऱ्हस्व-दीर्घ, सगळं घोटा, कारण नटाला जितके आवाज येतील तितके कमीच. पण त्यासाठी घरचा आवाज टाकून देऊ नका. दुसऱ्या वर्षी आम्ही एका ग्रीक नाटकाचा कोरस आपल्या बोलीत केला. "काय म्हणून रडतीस गं बाई, आता कोण यायचं हाय परत," असं दहा जणींनी एका सुरात म्हटलं तेव्हा सभागृहात पान हललं नाही. प्रमाण भाषेतला तोच अनुवाद तालमीत तीन आठवडे कोरडा पडला होता. तेव्हापासून मी मुलांना दोन वह्या ठेवायला सांगते, एक प्रमाण उच्चारांची आणि एक घरात ऐकलेल्या वाक्यांची. दुसरी लवकर भरते.

कन्नड येतं त्याचा काही उपयोग? की लपवावं?

लपवायचं कशाला? महाराष्ट्रातल्या विभागांमध्ये कंबार, कर्नाड मूळ भाषेत वाचू शकणारा विद्यार्थी क्वचित सापडतो. सीमेचा वाद आपल्या घरात आहे, त्यात आपले लोक झिजलेत, ते मी हलकं करत नाही. पण पारिजात बघायला बसलेल्या म्हातारीला सत्यभामेचा रुसवा कुठल्या भाषेत कळतो हे विचारावं लागत नाही. दोन्ही भाषांतून नाटक करता येणारा नट ही आपल्या जिल्ह्याची कमाई आहे.

कर्नाटकातून महाराष्ट्रात प्रवेश घेताना कागदपत्रांची काय भानगड आहे?

विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. राणी चन्नम्मा विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर निकाल लागल्या लागल्या स्थलांतराचा अर्ज करा, ऑगस्टची वाट बघू नका. माझा एक विद्यार्थी या एका कागदासाठी वर्षभर मागे पडला.

जातीच्या दाखल्याबद्दल स्पष्ट सांगते, कारण यावरून घरोघरी रडारड होते. कर्नाटकचा दाखला महाराष्ट्राच्या राज्य आरक्षणात आपोआप चालत नाही. केंद्रीय संस्थांमध्ये केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तो तहसीलदार कार्यालयातून वेगळा काढून घ्या. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र शासनाच्या काही सवलती आहेत. त्या सगळ्या अभ्यासक्रमांना सारख्या नाहीत, म्हणून गावाचं नाव आणि रहिवासी दाखला घेऊन विभागाच्या कार्यालयात समक्ष जा. फोनवर हे काम होत नाही.

खर्च परवडेल का?

सरकारी विद्यापीठांची फी खाजगी अभिनय संस्थांच्या मानाने फारच कमी असते. खरा खर्च राहण्या-खाण्याचा, म्हणून वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच. एनएसडीत विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाच्या मुलांना दरमहा ५००० रुपये, दोन वर्षं. त्यात नाटकही येतं. पुढे २५ ते ४० वयोगटासाठी ज्युनिअर फेलोशिप आहे, दरमहा १०,००० रुपयांची. आपल्याकडून अर्जच जात नाहीत.

आणि लाखभर रुपये घेऊन तीन महिन्यांत 'नट बनवून' देणाऱ्यांच्या जाहिरातींना पैसे देण्याआधी एकदा मला किंवा कुठल्याही नाट्यशिक्षकाला विचारा.

मुलगी आहे. रात्री दहापर्यंत तालमी. कसं पाठवायचं?

हा प्रश्न आया विचारतात, आणि भीती खरी असते, म्हणून 'काही होत नाही' असं मी म्हणत नाही. वसतिगृह आवारात आहे का, तालीम संपल्यावर मुली एकत्र परततात का, तक्रार समितीत कोण आहे, हे प्रवेशाआधी जाऊन बघा. समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. नावं फलकावर लावलेली नसतील तर मागून घ्या. शिकवताना अंगाला हात लावण्याआधी विचारतात का, हेसुद्धा जुन्या विद्यार्थिनींना विचारा. चांगल्या विभागांत आता हे उघडपणे बोललं जातं. माझ्या वडलांनी मला सोडायला येऊन तिथल्या वॉचमनशी अर्धा तास गप्पा मारल्या, आवार दोनदा फिरून बघितलं आणि मग एसटी धरली. तसं करा. मुलीला लाज वाटेल, वाटू दे.

पोटापाण्याचं काय?

फक्त प्रायोगिक नाटकातल्या अभिनयावर घर चालत नाही. हे सुरुवातीलाच कळलेलं बरं. माझ्या वर्गातले एकूण चौदा जण. त्यांतले दोघं मालिकांमध्ये आहेत, एक जण प्रकाशयोजना करतो आणि सगळ्यांत जास्त कमावतो, तिघी शाळांत नाट्यशिक्षण देतात, एक डबिंग करते, एक जण स्वयंसेवी संस्थेत पथनाट्यं बसवतो, दोघं नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक झाले. नेट परीक्षेत नाट्य हा विषय आहे, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. दोघांनी घरचा व्यवसाय धरला आणि हौशी स्पर्धेत दर वर्षी उतरतात. उरलेल्यांत मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही कार्यशाळांवर जगतो. महिना कधी भरतो, कधी ओढून न्यावा लागतो.

प्रकाश, ध्वनी, नेपथ्य यांत हाताला कौशल्य असलेली माणसं बेळगावात बोटावर मोजण्याइतकी आहेत. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरची वायर जोडता येणारी मुलगी मला आजही मिळत नाही.

सिनेमातच जायचंय. मग हे सगळं कशाला?

तर सिनेमाचं शिक्षण घ्या. नाटकाला पायरी म्हणून वापरणाऱ्यांना तालमीचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा बाकीच्यांना लागतो.

जाण्याआधी काय तयारी करू?

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. तिथे नाटकांचं कपाट आहे, आठवड्याला एक नाटक वाचा आणि मोठ्यानं वाचा. घरातल्यांना दोन भूमिका द्या. एक नाटक मराठी, एक कन्नड, एक भाषांतरित, असं आलटून पालटून. जत्रेत जे होईल ते सगळं बघा, पण या वेळी प्रेक्षकांकडे तोंड करून बसा. कोण कधी हसतं, कोण उठून जातं, लहान मूल कुठल्या क्षणी झोपतं, ते लिहून ठेवा. रोज अर्धा तास चाला आणि चालताना श्वास मोजा.

कार्यशाळा केल्या तर पुरेसं नाही का?

दहा दिवसांत ओळख होते. शरीराची सवय बदलायला वर्ष जातं.

एवढं शिकून परत बेळगावातच येऊन काय करणार?

मी आले. पहिल्या वर्षी आम्ही एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत प्रयोग केला. प्रेक्षक पोत्यांवर बसले होते, उजेड दोन ट्यूबलाइटचा आणि एका टॉर्चचा, गोष्ट गिरणीत काम केलेल्या बायकांकडून ऐकलेली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. त्यातल्या दोघी पहिल्या रांगेत होत्या. प्रयोग मध्यावर आला तेव्हा एक जण उठली, नटीच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि "असं नव्हं, असं," म्हणत पाखडून दाखवायला लागली. नटीने तिथेच, तिच्या शेजारी बसून, शिकून घेतलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत आम्ही ती जागा मोकळी ठेवली. दर वेळी कुणीतरी उठतंच.

मे महिन्यात अशाच एका कामाच्या तालमी आहेत. संध्याकाळी सहाला सुरू होतात. ज्यांचे अर्ज भरून झालेत आणि निकालाची वाट बघतायत, त्यांनी यावं. सैल कपडे घाला, पाण्याची बाटली आणा, आणि घरात ऐकलेल्या वाक्यांची वही विसरू नका.